मनोरीच्या वाऱ्यावर कॅमेरा

शनिवार, रात्री

जेवणाचं टेबल आज पुन्हा माझ्या ताब्यात. सोल्डरिंगचा वास घरभर पसरलाय. सासूबाईंनी एक शब्द न बोलता सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, त्यातच काय ते आलं. पण पतंगाच्या दोरीला टांगून वरून फोटो काढायच्या कॅमेऱ्याचा कंट्रोलर तयार झाला.

आधी रिमोट होता. खाली हातात दोन दांड्या, वर दोन सर्व्हो, म्हणजे सांगू त्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी: एक कॅमेरा गोल फिरवणारा, दुसरा खाली-वर कलवणारा. ऐकायला झकास. पण डोक्यावर इतक्या उंच लटकलेली काडेपेटीएवढी वस्तू नेमकी कुठे बघतेय, हे खालून कळत नाही आणि ते ताडण्याच्या नादात पतंगावरची नजर ढळते. पडायचा असतो तो पतंग. कॅमेरा फक्त त्याच्या मागोमाग येतो. म्हणून रिमोट काढूनच टाकला. आता आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटासा बोर्ड, आपला आपण काम करतो: थोडं वळ, तीन सेकंद थांब, झोका शांत होऊ दे, फोटो काढ, पुन्हा वळ. एक फेरी पुरी झाली की कॅमेरा थोडा खाली कलतो. शेवटच्या फेरीत थेट जमिनीकडे.

साधा सर्व्हो जेमतेम अर्धा फेरा फिरतो. म्हणून तो उघडला, मोठ्या गिअरवरचा प्लास्टिकचा खुंट ब्लेडने छाटला आणि आतला कोन मोजणारा पॉट काढून तिथे सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर बसवले. आता बिचाऱ्याला आपण कुठल्या कोनात आहोत याचा पत्ताच नाही. दीड मिलिसेकंदाचा पल्स दिला की थांबतो, कमी-जास्त दिला की एका किंवा दुसऱ्या बाजूला फिरत सुटतो. कोन वेळेवरून धरायचा. दर फेरीला थोडा सरकतो, पण चारी दिशा बघायच्याच आहेत तर सरकेना का!

खरा छळ विजेचा. सर्व्होने जोर लावला की नॅनोचा व्होल्टेज पडायचा आणि तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या दुकानदाराने न बघताच निदान केलं. "सर्व्होला वेगळी बॅटरी द्या ताई. पण ग्राउंड एकच ठेवा हां, नाहीतर सिग्नल कुणाच्या भरवशावर वाचणार तो?" वर एक कपॅसिटर हातावर ठेवला.

कॅमेरा जुनाच, कॅननचा पॉवरशॉट. कार्डावर सीएचडीके हे कॅननसाठीचं जोड-सॉफ्टवेअर टाकलं की यूएसबीतून पाच व्होल्टचा झटका मिळताच शटर पडतं. कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरला, फर्मवेअरला, धक्का लागत नाही, हे मला फार आवडतं. चौकट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची, व्हाइसमध्ये धरून हाताने वाकवलेली. सगळं मिळून अर्धा किलोच्या आत बसलं.

रविवार, रात्री

मार्वेहून बोटीने मनोरीला. भाचा बरोबर होता, पतंगाची गुंडाळी त्याच्या खांद्यावर. पोलीस चौकीत आदल्या आठवड्यातच विचारून ठेवलं होतं. मुंबईत ड्रोनवर मनाईचे आदेश अधूनमधून निघतात आणि १९३४ च्या विमान कायद्याने तर विमानाच्या व्याख्येत पतंगालाही बसवलं होतं. तेव्हा आधी विचारलेलं बरं.

पतंग म्हणजे संक्रांतीचा कागदी नव्हे. हा जपानी रोक्काकू, सहा कोनांचा, रिपस्टॉप नायलॉनचा, माझ्यापेक्षा उंच. कण्णी मात्र तशीच बांधायची आणि तशीच अर्धा बोट वर-खाली करत बसायचं. तेवढं डोंगरीच्या पतंगवाल्याला दाखवलं असतं तरी जमलं असतं. दोरी जाड विणलेली, काच नसलेली. तरी बोटीवर एका काकांनी गुंडाळी चिमटीत धरून पाहिलीच: "चायनीज मांजा नाही ना?" २०१७ मध्ये हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तेव्हापासून हा प्रश्न ठरलेला. विचारलाच पाहिजे. पक्ष्यांचे हाल मीही पाहिलेत.

शाळेत खारे वारे, मतलई वारे घोकले होते, ते इतक्या वर्षांनी कामी आले. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे. तेव्हा पतंग सोडला तर कॅमेरा लाटांवर. थांबायचं. मधे काही वेळ पान हलत नाही, भाचा "मावशी, चल ना घरी" सुरू करतो. मग दुपारी समुद्रावरून वारा लागतो, पतंग सुरूच्या झाडांकडे झुकतो, आणि पडलाच तर वाळूत पडेल एवढी खात्री होते.

आधी एकटा पतंग तीसेक मीटर सोडला. तो स्थिरावल्यावरच तिथे दोरीला कॅमेरा अडकवला, म्हणजे पतंगाचे हिसके त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. टांगणी पिकाव्हेची. त्या फ्रेंच माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली युक्ती: मूळ दोरीवर दोन ठिकाणं, कॅमेऱ्यावरच्या फुलीला चार टोकं, आणि सगळ्यांतून फिरणारी एकच अखंड दोरी. पतंग वर गेला, दोरीचा कोन बदलला की ती कड्यांतून सरकते आणि फुली पुन्हा सपाट. मी तासभर नुसती ती सरकताना बघू शकते. माझ्या लेखी अख्ख्या यंत्रातला सगळ्यात हुशार भाग हाच, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

आर्थर बातूने १८८८ मध्ये फ्रान्समध्ये पतंगावरून फोटो काढला, तेव्हा शटर सोडायला जळती वात लावली होती. उंची कळावी म्हणून यंत्रही जोडलेलं. माझ्याकडे दोरीवरच्या खुणा: साठ मीटर दोरी, पंचेचाळीस अंशांचा कोन, म्हणजे बेचाळीसच्या आसपास. दोरीला थोडा झोळ असतो, तेवढं सोडून द्यायचं. १९०६ च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्स या अमेरिकन छायाचित्रकाराने सॅन फ्रान्सिस्कोवर सतरा पतंगांनी बावीस किलोचा कॅमेरा चढवला होता. हे आठवलं की अर्ध्या किलोची बढाई मारवत नाही.

बोंबील वाळत घालणारी एक मावशी बराच वेळ मान वर करून बघत होती. "काय गो बाय, पोलिसांचा हाय काय?" नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्याआल्या कार्ड लावलं. निम्म्या फोटोंत नुसतं आकाश किंवा तिरकं क्षितिज, काहींत दोरी आडवी आलेली. पण शेवटच्या फेरीतले, सरळ खाली बघणारे! बांबूंच्या रांगा, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील बारीक टाक्यांसारखे, आणि प्रत्येक रांगेशेजारी तिची तेवढीच लांब सावली. उभं राहून पाहिलं तेव्हा सगळा गुंताच वाटला होता. वरून कुणाची रांग कुठे संपते ते स्पष्ट दिसतं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यातला एक फोटो मावशीला तिथेच दाखवला होता. तिने बोटाने रांगा मोजल्या, शेजारणीच्या तीन रांगा आपल्या बाजूला सरकल्यात हे हेरलं, आणि फोटो मोठा करून हवाय म्हणाली. पुढच्या रविवारी न्यायचा आहे. शेजारीण कोण, हे भाच्याने बोटीत बसल्यावर विचारलं.