तुम्ही विचारलंत म्हणून: हाल्डा आधी की ह्यूअर?

पुण्यात जुनी पद्मिनी, हेराल्ड किंवा अँबॅसडर गाडी जीव लावून उभी केली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. रॅलीत उतरायचं आहे, उपकरणंही त्या काळातलीच हवीत, तर सुरुवात कुठून करायची? हाल्डाचा ट्रिपमास्टर, म्हणजे अंतर मोजणारा ट्रिपमीटर घ्यायचा, की स्विस ह्यूअरच्या घड्याळांची जोडी?

आधी अंतर, मग वेळ. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत ठरवून दिलेला सरासरी वेग सेकंदाच्या हिशेबानं पाळायचा असतो. सेकंद साधं क्वार्ट्झ मनगटी घड्याळही चोख दाखवतं. दहा मीटर मोजणारं मात्र गाडीत मुळात काहीच नसतं. ओडोमीटरचा शेवटचा आकडा फार तर शंभर मीटरचा. म्हणून पहिला खर्च ट्रिपमीटरवर.

हाल्डा ही टॅक्सीमीटर बनवणारी स्वीडिश कंपनी. त्यांचा ट्रिपमास्टर किंवा दोन मोजण्यांचा ट्विनमास्टर स्पीडोमीटरच्या केबलवर चालतो: केबलमध्ये टी-जोड बसवायचा, एक फाटा स्पीडोमीटरला, दुसरा हाल्डाला. गाडीप्रमाणे जुळवणी होते ती आतल्या बदलत्या दातेरी चाकांनी. त्यामुळे विकत घेताना तबकडीची चकाकी नंतर बघा, चाकांची डबी सोबत आहे का ते आधी विचारा. डबी नसेल तर तो हाल्डा तुमच्या गाडीत चुकीचंच अंतर दाखवणार. किलोमीटरचाच घ्या, मैलाचा स्वस्त मिळाला तरी नको, रोडबुक (आयोजकांनी दिलेली वाटेची वही) किलोमीटरमध्ये असतं. मग हातानं आस फिरवून बघा. ९ वरून ० येताना शेजारचा आकडा पूर्ण उलटला पाहिजे. तो अर्ध्यात अडकत असेल तर आतलं वंगण सुकलंय किंवा दात झिजलेत. वंगण बदलता येतं. झिजलेल्या दातांसाठी दुसरा हाल्डा मोडावा लागतो.

सगळ्यात जास्त त्रास केबल देते. आपल्याकडे वाट सांगणारा नॅव्हिगेटर डावीकडे आणि स्पीडोमीटर बहुधा उजवीकडे, त्यामुळे लांब केबल करून घ्यावी लागते. नाना पेठेत जुन्या केबलचा नमुना दाखवा, दोन्ही टोकांचे चौकोन मापून घ्या. कुठेही घट्ट वाकवू नका, आतली तार झटके देत फिरते. ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश तारेला लावा. वरपर्यंत लावलेलं ग्रीस फिरता फिरता चढत जातं आणि हाल्डाच्या आकड्यांवर येऊन बसतं.

आता जुळवणी. टायरची हवा रॅलीत ठेवाल तेवढीच, दोघंही गाडीत बसलेले, आणि आधी १५–२० किलोमीटर चालवून टायर गरम केलेले. नव्या आणि गुळगुळीत टायरच्या अंतरात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नका. रुंदीकरणात आणि बायपासमध्ये ते कुठल्या कुठे गेलेत. फोनवरचं जीपीएसही दिवे घाटाच्या वळणावळणांत कोपरे कापतं आणि अंतर कमी दाखवतं. आयोजकांनी दिलेला मोजणीचा टप्पा हाच खरा. त्यांचं अंतर चुकलेलं असलं तरी त्या दिवशी तेच बरोबर.

समजा रोडबुक १०.०० म्हणतंय आणि तुमचा आकडा ९.८६ आहे. १० भागिले ९.८६ म्हणजे १.०१४२, तेवढ्या पटीनं मोजणी वाढली पाहिजे. जवळचं चाक मिळेना तर हाच गुणक कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. १४० मीटरची ही चूक ताशी ४२ किलोमीटरला बरोबर १२ सेकंदांची होते. महागातलं महाग घड्याळ ही भरून काढू शकत नाही.

आणखी एक. बहुतेक जुन्या गाड्यांत केबल गिअरबॉक्समधून निघते, म्हणजे मोजणी मागच्या, ओढणाऱ्या चाकांची होते. पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलात ती चाकं घसरली की अंतर फुगतं. अशा ठिकाणी रोडबुकातल्या पुढच्या खात्रीच्या खुणेशी आकडा पुन्हा जुळवून घ्या.

घड्याळांची जोडी नंतर घ्या, पण जरूर घ्या. १९५८ पासून ह्यूअर ‘मास्टर टाइम’ आणि ‘माँटे कार्लो’ एकत्र विकत असे: पहिलं आठ दिवस चालणारं घड्याळ, दुसरं बारा तासांचं स्टॉपवॉच. घेण्याआधी सहा तास चालवून तपासा, दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. घड्याळ पुढे धावत असेल तर होकायंत्र जवळ धरा. सुई हलली तर आत चुंबकत्व शिरलंय, आणि ते लक्ष्मी रोडवरच्या चांगल्या घड्याळजीकडे पाच मिनिटांत निघतं. जुन्या चमकत्या आकड्यांत रेडियम असू शकतं, त्यामुळे काच उघडून तबकडी घरी खरवडू नका.

हिशेबासाठी कर्टा हे लिश्टेनस्टाइनमध्ये बनलेलं हातात मावणारं यंत्र सुरेख आहे. ताशी ४२ ला १०० मीटरला ८.५७१ सेकंद लागतात. तो आकडा लावायचा आणि दर १०० मीटरला मूठ एकदा फिरवायची. बेरीज वर तयार. पण कर्टा आता संग्राहकांच्या भावानं मिळतो. वेगांचे छापील तक्ते तेच काम करतात. ३० ते ५० पर्यंतच्या प्रत्येक वेगाचा तक्ता वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत काढा. घाटात हलत्या गाडीत बारीक अक्षर वाचता येत नाही.