रिकामा पासवर्ड, शून्य नंबरचं उत्तर

आमच्या टेस्टरने यूजरनेमच्या रकान्यात मॅनेजरांचं नाव टाकलं, पासवर्डच्या रकान्याला हातही लावला नाही, आणि एंटर मारलं. ॲपने तिला मॅनेजर म्हणून आत घेतलं. तिने आरडाओरडा केला नाही. स्क्रीनशॉट काढून मला पाठवला, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

तो लॉगिन मी लिहिला होता. एलडॅपशी, म्हणजे संस्थेतल्या माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरीशी बोलायच्या पद्धतीशी, माझी ती पहिलीच गाठ. कोड इतका सरळ होता की त्यात चूक राहायला जागाच नाही असं मला वाटलेलं. आधी ॲपच्या सर्व्हिस अकाउंटने डिरेक्टरीत शिरायचं, यूजरनेमवरून माणसाची नोंद शोधायची, तिचा डीएन, म्हणजे डिरेक्टरीच्या झाडासारख्या रचनेतला पूर्ण पत्ता, घ्यायचा. मग दुसरं कनेक्शन उघडून तो डीएन आणि माणसाने टाकलेला पासवर्ड देऊन बाइंड करायचं, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख सांगायची. उत्तरात शून्य आलं की सक्सेस, ४९ आलं की पासवर्ड चुकला. मी चुकीचे पासवर्ड टाकून पाहिले होते, प्रत्येक वेळी ४९ आलं होतं. रिकामा टाकून पाहायचं सुचलं नाही, एवढंच.

दुपारभर लायब्ररीला, म्हणजे एलडॅपसाठी वापरलेल्या तयार कोडला, शिव्या घातल्या. संध्याकाळी आरएफसी ४५१३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवलेले क्रमांकित दस्तऐवज) उघडली. २००६ सालची आहे, आणि एलडॅपमध्ये ओळख कशी पटवायची याचाच तो दस्तऐवज आहे. त्यात साध्या बाइंडचे तीन प्रकार दिलेत. नाव आणि पासवर्ड दोन्ही रिकामे असतील तर अनामिक. दोन्ही भरलेले असतील तर आपल्याला हवा तो. आणि नाव आहे पण पासवर्ड रिकामा, तर त्याला म्हणतात 'अनऑथेंटिकेटेड बाइंड'. या तिसऱ्या प्रकारात सर्व्हर नाव तपासत बसत नाही. तुम्हाला अनामिक पाहुणा म्हणून बसवतो आणि शून्य पाठवतो.

म्हणजे सर्व्हरने काही चुकीचं केलं नव्हतं. मी समजत होते की बाइंड म्हणजे 'हा पासवर्ड बरोबर आहे का?' असा प्रश्न. बाइंडचा खरा प्रश्न असतो, 'या कनेक्शनवर इथून पुढे मला कोण समजणार?' सर्व्हर म्हणाला, 'कोणीच नाही, पण बसा.' मी ते 'मॅनेजर आहेत' असं ऐकलं.

त्याच आरएफसीत स्पष्ट लिहिलंय की क्लायंटने, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या आपल्या कोडने, पासवर्ड रिकामा घेऊच नये, आणि सर्व्हरनेही अशी बाइंड मूळ सेटिंगमध्ये ५३ देऊन नाकारावी. ओपनएलडॅप हा डिरेक्टरी सर्व्हर नाकारतो. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये चालवून घेते. ते बंद करायची सोय विंडोज सर्व्हर २०१९ पासून आली. आमच्यासमोर कुठली होती ते कळलं असेलच.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मी फॉर्मवर तपासणी टाकली, पासवर्ड रिकामा असेल तर बटण दबणारच नाही. टेस्टरकडे परत पाठवलं. तिने स्पेसबार तीनदा दाबला आणि पुन्हा मॅनेजर झाली. फॉर्मच्या मते तीन स्पेस म्हणजे तीन अक्षरं, चालतंय की. पण मागच्या कोडमध्ये कोणीतरी सगळ्या रकान्यांच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटून टाकत होतं, तीन स्पेसचं काहीच उरत नव्हतं, आणि ते काहीच-नाही थेट बाइंडला जात होतं. हे 'कोणीतरी' म्हणजे मीच, सहा महिन्यांपूर्वीची. पासवर्ड कधी छाटायचा नसतो, त्यातली स्पेस हीसुद्धा पासवर्डच. आणि तपासणी बाइंडच्या अगदी आधीच्या ओळीत हवी, कारण त्यानंतर मध्ये हात घालायला कोणी नसतं.

हे प्रकरण मिटल्यावर मी आमच्या क्लायंट-कोडकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला लागले. चूक झाली की एरर येते, ही सवय आपल्याला डेटाबेसने लावलीय. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, कॉलमचं नाव चुकवा, लगेच तोंडावर येतं. डिरेक्टरीला फिल्टरमध्ये, म्हणजे शोधाच्या अटीत, ॲट्रिब्यूटचं, म्हणजे नोंदीतल्या रकान्याचं, नाव चुकीचं द्या, ती शून्य कोड आणि शून्य नोंदी देते. कारण तिथलं तर्कशास्त्र तीन किंमतींचं आहे: खरं, खोटं आणि अनिश्चित. अनोळखी ॲट्रिब्यूटची तुलना 'अनिश्चित' ठरते, आणि अनिश्चित नोंद यादीत येत नाही. पुढे नकाराचं चिन्ह लावलं तरी अनिश्चिताचं उलट अनिश्चितच. मी एकदा 'विभाग विक्री नाही असे सगळे' काढायला गेले, नावात एक अक्षर खाल्लं, आणि संस्थेत कोणीच नाही असं उत्तर आलं. वाचायची परवानगी नसली तरी बहुतेक वेळा असंच, नोंद फक्त दिसत नाही.

मग हजाराचं. कर्मचारी निवडायची एक यादी होती आमच्या ॲपमध्ये, आणि काही लोक तिच्यात सापडत नव्हते. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये एका शोधात १००० नोंदी देते आणि मग ४ नंबर पाठवते, मर्यादा ओलांडली म्हणून. इथे सर्व्हर बोलला होता बरं का. लायब्ररीनेही एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी बिघडल्याची सूचना, टाकलं होतं. ते गिळून 'आलंय तेवढं दाखवा' असं करणारा कोड आमचाच. उपाय जुना आहे, १९९९ सालच्या आरएफसी २६९६ मधला: पानापानाने मागायचं. प्रत्येक पानासोबत सर्व्हर एक कुकी, म्हणजे कुठवर आलो याची खूण, देतो, ती जशीच्या तशी परत करायची, रिकामी कुकी आली की संपलं. पान अर्धं भरलं म्हणून शेवटचं समजायचं नाही. मोकळं पान आणि पुढची कुकी असंही येऊ शकतं. आणि सगळी पानं एकाच कनेक्शनवर मागायची. आमच्या पूलमधून, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून, दर पानाला वेगळं कनेक्शन मिळत होतं, आणि एका कनेक्शनवरची कुकी दुसऱ्यावर चालेना.

पण नोंदींची पानं केली म्हणून सुटलो असं नाही. एकाच नोंदीतल्या एका ॲट्रिब्यूटलाही मर्यादा असते. ग्रुपच्या नोंदीत 'मेंबर' ॲट्रिब्यूटमध्ये १५०० पेक्षा जास्त किंमती, म्हणजे सदस्य, झाल्या की ॲक्टिव्ह डिरेक्टरी त्या नावाखाली काहीच देत नाही. शेपटीला रेंज लावलेल्या वेगळ्या नावाने, शून्य ते १४९९ अशी, पहिली खेप देते. पुढची मागून घ्यायची. साध्या नावाने वाचणाऱ्या कोडला तो ग्रुप रिकामा दिसतो. त्यामुळे आमच्याकडे चाळीस माणसांच्या ग्रुपला परवानग्या बरोबर मिळत होत्या, आणि सगळ्यात मोठ्या ग्रुपमध्ये कोणीच नव्हतं.

माझा सगळ्यात आवडता बग मात्र स्वल्पविरामाचा. ठरावीक लोकांचीच ग्रुप तपासणी चुकत होती, बाकी सगळे मजेत. यादी समोर ठेवून बसले. विभाग वेगळे, इमारती वेगळ्या. शेवटी लक्षात आलं, यांची नावं 'आडनाव, नाव' अशी भरलीत. डीएनमध्ये स्वल्पविराम हा पत्त्याचे भाग तोडणारा, म्हणून नावातल्या स्वल्पविरामापुढे उलटी तिरकी रेघ लागते. तो नियम आरएफसी ४५१४ चा. आता हा डीएन उचलून 'ज्या ग्रुपचा मेंबर हा आहे' अशा फिल्टरमध्ये घातला की आरएफसी ४५१५ चं राज्य सुरू होतं, आणि तिथे तीच उलटी रेघ विशेष अक्षर आहे. फिल्टरमध्ये ती स्वतः तिच्या हेक्साडेसिमल कोडने लिहावी लागते, तसंच तारा (*), दोन्ही कंस आणि शून्य बाइटचं. एकाच मजकुराला दोन दारं, दोन्हीकडे वेगळा पहारेकरी. काही लायब्रऱ्या अशा वेळी फिल्टर चुकला म्हणून तिथेच थांबवतात. आमची निमूट पुढे गेली.

आणि हे नीट न करण्याची दुसरी बाजू तर सरळ धोक्याचीच. यूजरनेमच्या रकान्यात कोणी तारा टाकला आणि तुम्ही तो तसाच फिल्टरमध्ये चिकटवला, तर पहिली सापडलेली नोंद कोणाचीही असू शकते. फिल्टर हाताने जोडायचे नाहीत, लायब्ररीचं एस्केप करणारं, म्हणजे विशेष अक्षरं साधी करून देणारं, फंक्शन वापरायचं. एसक्यूएलला आपण हे शिकलो. इथे पुन्हा पहिलीपासून.

तारखांबद्दल जास्त बोलत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी अकाउंट कधी संपणार ते १ जानेवारी १६०१ पासून, १०० नॅनोसेकंदांच्या ठोक्यांत मोजते, आणि 'कधीच नाही' हे कधी शून्याने, तर कधी ६४ बिटांत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याने सांगते. शून्याला तारीख समजलात तर तुमचे सहकारी चारशे वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले दिसतात.

एवढं सगळं होऊनही मला एलडॅप आवडतं, हे कबूल करते. नावातला एल म्हणजे लाइटवेट, आणि त्यावर हसू येतं खरं. पण १९९३ च्या पहिल्या आरएफसीत हे हलकं ठरलं ते एक्स.५०० या त्याआधीच्या डिरेक्टरी-पद्धतीच्या मानाने, ज्याला ओएसआय स्टॅक, म्हणजे नेटवर्कच्या नियमांचा थरावर थर असलेला अख्खा डोलारा, लागायचा. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी ते इंटरनेटच्या साध्या टीसीपीवर आणलं. १९९५ साली आरएफसी १८२३ मध्ये सी भाषेतली फंक्शन्स लिहून ठेवली, त्यांची नावं आजही मी वापरते त्या लायब्रऱ्यांत ओळखू येतात. आणि काही अडलं की कमांड लाइनवरून तोच फिल्टर, त्याच अकाउंटने चालवून पाहता येतो. दहापैकी आठ वेळा माझी चूक तिथेच दिसते. ते मी आधी करायला हवं, पण आधी लायब्ररीला शिव्या घालते.

सध्या एक गोष्ट तशीच आहे. नोंदीवरची ग्रुपांची यादी वाचली तर माणसाचा प्रायमरी ग्रुप तिच्यात नसतो, तो वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये नुसता आकडा म्हणून बसलेला असतो. आमच्या एका परवानगीचा त्याच ग्रुपशी संबंध आहे. त्या कामाचं तिकीट माझ्या नावावर आहे. आणि नवीन लॉगिन स्क्रीन परवा टेस्टरकडे गेली. तिने काय केलं ते विचारलं नाही, पण पलीकडून स्पेसबारचा आवाज आला.