खार, खांब आणि करडई

५, ७, ९. अमेरिकेच्या पूर्व भागात घरामागे पक्ष्यांसाठी फीडर, म्हणजे दाण्यांचं भांडं, लावून ते खारींपासून वाचवू पाहणाऱ्यांनी आधी हे तीन आकडे पाठ करावेत. फीडर जमिनीपासून किमान ५ फूट उंच हवा, बाजूच्या कुठल्याही आधारापासून ७ फूट लांब आणि वरच्या फांदीपासून ९ फूट खाली. इथली करडी खार म्हणजे आपल्याकडची पाठीवर पट्टे असलेली चिमुकली खार नव्हे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि जागेवरून सरळ ४ फूट उडी सहज. उंचावरून झेप घ्यायची असेल तर ७ फूटही कमी पडतात, म्हणून जागा असेल तर १० फूट सोडा.

मोजताना चूक होते ती अशी की लोक झाडाच्या बुंध्यापासून मोजतात. मोजायचं फांदीच्या टोकापासून. डेकचा कठडा, कुंपण, छपराची कड, ग्रिल, अंगणात विसरलेली खुर्ची हे सगळे खारीच्या लेखी उडीचे पाटच. शिवाय बर्फ! दीड फूट बर्फ साचला की तुमचा ५ फुटांचा फीडर साडेतीन फुटांवर आला. थंडीच्या प्रदेशात म्हणूनच सुरुवातच साडेसहा फुटांनी करावी.

अंतर पाळलं तरी खांबावरून चढायचं राहतंच. त्याला उपाय एकच, बॅफल, म्हणजे फीडरखाली खांबावर बसवायचा अडथळा. शंकूसारखे मिळतात, पण नळीचा जास्त खात्रीचा, आणि तो घरी करता येतो. हार्डवेअरच्या दुकानातून ८ इंच व्यासाचा, २ फूट लांबीचा गॅल्व्हनाइज्ड डक्ट (पत्र्याची नळी) आणि त्याचं झाकण आणा. झाकणाच्या मधोमध खांबाच्या जाडीपेक्षा जेमतेम मोठं भोक पाडा, झाकण डक्टवर ३-४ आखूड स्क्रूंनी पक्कं करा. खांबावर साडेचार फुटांवर होज क्लॅम्प (स्क्रूने आवळायची धातूची पट्टी) आवळा आणि नळी वरून सरकवून त्यावर टेकवा, बंद तोंड वर, उघडं खाली. खार खांबावरून नळीच्या आत शिरते, वर झाकण लागतं, आणि मुकाट परत उतरते. बाहेरून चढावं तर गुळगुळीत पत्रा. नळी थोडी डुगडुगली तर उत्तमच, घट्ट बसवायच्या फंदात पडू नका. रकूनचा (खारीहून मोठा, खांबावर चढणारा प्राणी) त्रास असेल तर लांबी अडीच फूट घ्या. फसतं ते दोन ठिकाणी: क्लॅम्प सैल पडून नळी घसरते, किंवा झाकण ४ फुटांच्या खाली राहतं आणि खार नळीला बगल देऊन थेट वर उडी मारते.

खांबाला ग्रीस, व्हॅसलीन किंवा तेल फासायचा सल्ला अजूनही दिला जातो. अजिबात करू नये. ते पिसांना लागलं की पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत, आणि पक्ष्याला ते धुऊन काढता येत नाही.

आता दाणे. इथे मराठी माणसाला घरच्यासारखं वाटावं! खारीला सूर्यफूल, शेंगदाणे आणि मका जीव की प्राण, पण करडई तिला सहसा आवडत नाही. कडवट आणि टणक. कार्डिनल मात्र ती जाड चोचीने सहज फोडतो, चिकडी आणि हाऊस फिंचही खातात. एकदम बदलू नका. सूर्यफुलात पाव भाग करडई घालून सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. गोल्डफिंचसाठी जे ‘नायजर’ म्हणून विकतात ते आपले कारळेच. त्यांनाही खार फारसं विचारत नाही. मात्र बारीक भोकांचा वेगळा फीडर लागतो, आणि दाणे जुने झाले की तेल सुकतं व पक्षी तोंड फिरवतात, तेव्हा थोडेच आणा. भारतातून येताना पिशवी भरून आणायचा मोह टाळा: अमेरिकेत येणाऱ्या कारळ्यांवर तणाचं बी मरावं म्हणून उष्णतेची प्रक्रिया सक्तीची आहे. स्वस्त मिश्रणात तांबडी ज्वारी भरलेली असते. इथले बरेचसे पक्षी ती चोचीने उडवून खाली टाकतात आणि जमिनीवर खारींची पंगत बसते.

तिखट चालतं का? चालतं, कारण मिरचीतला कॅप्सेसिन पक्ष्यांना जाणवतच नाही, सस्तन प्राण्यांना जाणवतो. पण घरातलं तिखट दाण्यांवर भुरभुरवू नका. वाऱ्याने ते डोळ्यांत जातं, पक्ष्यांच्याही आणि तुमच्याही, आणि पहिल्या पावसात धुऊन निघतं. तेलात मुरवलेले तयार तिखट दाणे किंवा तिखट सूएट (चरबीची वडी) घ्या, हातमोजे घालून भरा. काही खारी तरीही खातात. हा उपाय तिसऱ्या क्रमांकाचा.

वजनाने झाकण मिटणारे स्प्रिंगचे फीडर महाग, पण चांगले. कार्डिनल ४५ ग्रॅमच्या आसपास, होला १२० च्या, आणि खार अर्ध्या किलोची, त्यामुळे मधे भरपूर फरक आहे. पण ते खांबाजवळ टांगले तर खार मागचे पाय खांबाला अडकवून, स्प्रिंगवर भार न टाकता, पुढच्या पायांनी आरामात खाते. दीड फूट तरी लांब टांगा. गोठणाऱ्या पावसानंतर स्प्रिंग अडकली नाही ना, तेही बघा.

पिंजऱ्यात पकडून दूर सोडून येण्याच्या भानगडीत पडू नये. बऱ्याच राज्यांत त्याला कायद्याने मनाई आहे, आणि रिकाम्या जागी दुसरी खार येतेच. खाली सांडलेलं मात्र दोन दिवसांआड झाडून काढा, आणि दोन आठवड्यांनी फीडर ९ भाग पाणी व १ भाग ब्लीचने धुऊन पूर्ण वाळवा. ओलसर फीडरमध्ये दाण्यांना बुरशी धरते, आणि मग खार नसली तरी पक्षी येत नाहीत.