कामासाठी मुंबईला टॅब नेऊ नका: आठ दिवसांचा अनुभव

आधी निकाल सांगते. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. मुंबईला कामासाठी जाणार असाल आणि त्या कामात दुसऱ्यांच्या फाइली उघडाव्या लागणार असतील, तर सव्वा किलोच्या आसपासचा विंडोज लॅपटॉप न्या. टॅब नको. टॅबला कीबोर्ड कव्हर लावून त्याचा लॅपटॉप होत नाही. मी ४९ हजार रुपये घालवून हे शिकले, तुम्ही फुकट शिका.

मी नाशिकला राहते, अनुवाद आणि मुद्रितशोधन करते. जुलैमध्ये एका पुस्तकासाठी आठ दिवस मुंबईत काम होतं. दोन दिवस ग्रंथालयांत संदर्भ तपासायचे आणि उरलेले प्रभादेवीच्या एका छापखान्यात. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे. घरचा लॅपटॉप पंधरा इंची, चार्जर धरून पावणेतीन किलोंचा. तो पाठीवर घेऊन रोज डोंबिवली-दादर करायचं माझ्या मानेला झेपलं नसतं, म्हणून हलकं काहीतरी घ्यायला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, लॅपटॉपचं सगळं काम याच्यावर होतं. कव्हर लावलं की झाला लॅपटॉप.” त्याने खिडक्या शेजारी-शेजारी उघडून दाखवल्या, पेनाने लिहून दाखवलं. टॅब ३८ हजार, कीबोर्ड कव्हर ११ हजार. मी घेतला.

वजनाचा हिशोब आधीच करायला हवा होता, तो परत आल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर केला. टॅब ५२० ग्रॅम, कव्हर ५६०, चार्जर आणि वायर ११०, नंतर घ्यावा लागलेला हब (टॅबच्या एका तोंडाला अनेक वायरी जोडून देणारी डबी) ६०. एकूण १,२५० ग्रॅम. शेवटी ज्याच्या लॅपटॉपने माझं काम निभावलं त्या मावसभावाकडून त्या लॅपटॉपचं वजन विचारून घेतलं: १,१९० ग्रॅम, चार्जर २२०, म्हणजे १,४१०. फरक १६० ग्रॅमचा, वाटीभर तांदळाएवढा! जाहिरातीत नुसत्या टॅबचं वजन लिहिलेलं असतं. तुम्ही कव्हर, पेन, हब, चार्जर सगळं एका पिशवीत घालून तोला आणि मग ठरवा.

जाताना पंचवटी एक्सप्रेसने गेले आणि कल्याणला उतरले. इगतपुरी सोडल्यावर कसारा घाटात, बोगद्यांमध्ये नेट जातं हे नाशिककरांना माहीत आहेच. मला मात्र तोवर माहीत नव्हतं की टॅबवरचे माझे सगळे मजकूर ढगात, म्हणजे नेटवरच्या क्लाउडवर आहेत आणि एकही टॅबमध्ये उतरलेला नाही. लॅपटॉपवर फाइल डिस्कवर असते, त्यामुळे हा प्रश्न कधी पडला नव्हता. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक फाइलवर ऑफलाइनचा पर्याय चालू करा, मग विमान मोड लावून ती खरोखर उघडते का ते बघा. नुसत्या खुणेवर विसंबू नका.

ग्रंथालयातले दोन दिवस, दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, छान गेले. जास्त सांगण्यासारखं काही नाही. टॅबचा आवाज होत नाही, शेजारच्याला त्रास नाही, चार ओळींच्या नोंदी घ्यायला उत्तम. पानांचे फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी विचारा, आणि टॅबने नाही, फोनने काढा. टॅब पुस्तकावर धरला की त्याचीच सावली पानावर पडते.

लोकलबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. सकाळी डोंबिवलीहून निघणाऱ्या फास्टमध्ये काहीही बाहेर काढता येत नाही, टॅबही नाही. सॅक पुढे घ्यायची आणि दादर येईपर्यंत तिला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. हे प्रवासात काम करण्याचं स्वप्न दुपारच्या गाडीपुरतंच आहे. दुपारी मला लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली, म्हणून कव्हरचा मागचा टेकू उघडून टॅब मांडीवर ठेवला. तो राहीना. त्या टेकूला टेबल लागतं, मांडीवर तेवढी खोली नसते आणि चौथ्या सीटवर तर अर्धी मांडी बाहेरच असते. लॅपटॉपचं बिजागर कडक असतं, पडदा उभा राहतो. घेताना दुकानात खुर्चीवर बसून मांडीवर ठेवून बघा, काउंटरवर बघू नका.

पावसाचंही लक्षात असू द्या. ओल्या बोटांनी टॅबचा पडदा नीट चालत नाही, आणि पडद्यावर थेंब पडले की नको तिथे आपोआप दाबलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये दादरहून छापखान्यापर्यंत चालत गेलात की बोटं कोरडी राहत नाहीत. ओढणीने पुसत बसावं लागतं. टॅब पाण्याला टिकणारा असला तरी हे होतंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो गुरुवार.

पहिल्या चार दिवसांची मुद्रितं पीडीएफमध्ये होती. ती मी पेनाने टॅबवर तपासली आणि ते काम कागदापेक्षाही चांगलं झालं, हे कबूल करते. गुरुवारी लेखकाचा निरोप आला की दुसऱ्या प्रकरणाची सोळा पानं बदलायची आहेत. जुलै महिना, छापखान्यात गणेशोत्सव मंडळांचे अहवाल आणि स्मरणिका मशीनवर चढलेल्या, ऑपरेटरला मान वर करायला वेळ नाही. छापखान्याचे मालक म्हणाले, “ताई, मूळ फाइल पेनड्राइव्हवर देतो. तुमच्या मशीनवर दुरुस्त करून उद्या संध्याकाळपर्यंत आणा, नाहीतर काम गणपतीनंतर जाईल.” त्यांचं म्हणणं रास्त होतं.

पेनड्राइव्ह टॅबला लावला. टॅब म्हणाला, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? पेनड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, ती माझ्या टॅबला कळत नव्हती. माझं बोट “हो” वर जाता जाता थांबलं. त्यात त्या छापखान्याची तीन पुस्तकं होती, फॉरमॅट केलं की सगळी पुसली गेली असती. असा प्रश्न आला तर कधीही हो म्हणू नका. समोरच्याला सांगा की एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीने करून द्या, किंवा फाइल मेल करा.

मेलवर फाइल आली. उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कारण साधं आहे. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसतो. त्याआधीच्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मराठी छपाईत आजही असं साहित्य ढिगाने आहे. छापखान्याने फॉन्टही दिला आणि मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टरही दिला. लॅपटॉपवर फॉन्ट बसवायला एक मिनिट लागतं. माझ्या अँड्रॉइड टॅबवर तो वर्डमध्ये दिसेचना. कन्व्हर्टर विंडोजवरच चालणारा. आयपॅडवर २०१९च्या आयपॅडओएस १३पासून बाहेरचे फॉन्ट टाकता येतात, पण त्यालाही वेगळं ॲप लागतं आणि विंडोजचा कन्व्हर्टर तिथेही चालत नाही.

म्हटलं, सोळा पानं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करू, पुढचं पुढे बघू. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर टाइप करते. कव्हर लावल्यावर माझ्या टॅबच्या कीबोर्डांच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट नव्हतंच! पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी होतं, पण तो अर्धा पडदा खातो आणि समोर पाच ओळी उरतात. ११ हजारांचं कव्हर मराठीसाठी निरुपयोगी. विंडोजवर इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे, २०१९पासून उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचं मराठी फोनेटिकही आयतं मिळतं. टॅब घेण्याआधी दुकानातच कीबोर्ड जोडून “तऱ्हा”, “दऱ्या”, “ज्ञानेश्वर”, “कृत्रिम” हे चार शब्द टाइप करून बघा. इनस्क्रिप्टवर ऱ शिफ्ट आणि जे या कळींवर असतो. तो तिथे सापडला नाही तर उठून चालायला लागा.

तोवर बॅटरी १४ टक्क्यांवर आली होती. टॅबला टाइप-सीचं एकच तोंड. बाहेरचा कीबोर्ड किंवा पेनड्राइव्ह लावायचा तर चार्जर काढा, चार्जर लावायचा तर ते काढा. हब घेणं भाग होतं, म्हणून भर पावसात प्रभादेवीहून स्लो पकडली आणि चौथ्या स्टेशनला, ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठला.

तिथली लूट मला अजून विसरता येत नाही. संध्याकाळचे सव्वासहा, मी भिजलेली, हातात बंद पडत आलेला टॅब. माझी नड माझ्या तोंडावर लिहिलेली होती आणि दुकानदाराने ती बरोबर वाचली. हब १,८५० रुपये. खोक्यावर एमआरपी नाही. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे लागतील मॅडम.” मी बिल न घेता पैसे दिले. तोच हब, तेच खोकं, दुसऱ्या दिवशी दादरला ७५० रुपयांना दिसला. ११०० रुपये जास्त, आणि बिल नसल्यामुळे परत करायची सोय नाही. शिवाय त्या हबमधून चार्जर लावल्यावर टॅब इतका हळू चार्ज होत होता की पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड चालू असताना बॅटरी उतरतच गेली.

तुम्ही ही चूक करू नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर अठरा टक्के वेगळे मागणं बेकायदा आहे. बंद खोक्यावर एमआरपी छापलेली असलीच पाहिजे. नसेल तर वस्तू घेऊ नका, आणि वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लॅमिंग्टन रोडवर माल मिळतो, भरपूर मिळतो, पण चार दुकानांत भाव विचारायला तासभर हाताशी असेल तरच जा. संध्याकाळी, थकलेल्या अवस्थेत आणि एकाच वस्तूसाठी जाऊ नका. हब घरूनच घेऊन निघा, आणि त्यातून किती वॉट पुढे जातात ते खोक्यावर वाचून घ्या.

रात्री साडेनऊला डोंबिवलीला पोचले. मावशी म्हणाली, “अगं, आधी जेव.” जेवण जाईना. मावसभाऊ ऑफिसमधून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. “ताई, उद्या घरूनच काम आहे मला, ऑफिसचा दुसरा आहे. हा घेऊन जा.” पेनड्राइव्ह लावला, उघडला. फॉन्ट बसवला, बसला. फाइल मराठीत दिसली तेव्हा मला खरोखर रडू आलं. रात्री एकपर्यंत सोळा पानं झाली. सकाळी कन्व्हर्टरमधून काढली आणि “ऱ्य”, “ऱ्ह” असलेले शब्द एकेक करून तपासले, कारण रूपांतरात पहिला घात तिथेच होतो, “दऱ्या”चं “दर्या” होऊन बसतं. शुक्रवारी दुपारी तीनला फाइल छापखान्यात पोचली. त्या दिवशी प्रभादेवीहून दादरपर्यंत पावसात चालत गेले आणि सॅकचं ओझं जाणवलंसुद्धा नाही.

लॅपटॉप घेताना मी आता काय बघेन ते सांगते. वजन १.३ किलोपर्यंत, पडदा तेरा-चौदा इंची आणि चकचकीत नसलेला, चार्जिंग टाइप-सीवर, आणि टाइप-सीची निदान दोन तोंडं, शिवाय पेनड्राइव्हचं एक जुनं मोठं तोंड. चार्जर ६५ वॉटचा असला की त्यावर फोनही होतो, दुसरा न्यावा लागत नाही. पॉवर बँकेवर नुसता एमएएचचा, म्हणजे किती वीज मावते तो आकडा बघू नका. ती ४५ वॉट तरी बाहेर देत नसेल तर अनेक लॅपटॉप तिच्यावर चार्जच होत नाहीत. किंमत माझ्या टॅब-कव्हरपेक्षा पंधरा-वीस हजारांनी जास्त पडेल. द्या. ऐन वेळी अडलेलं काम त्याहून महाग पडतं.

टॅब कुणी न्यावा? ज्यांचं काम वाचणं, पीडीएफवर खुणा करणं, सभेत नोंदी घेणं एवढंच आहे, त्यांनी खुशाल न्यावा, पण कव्हरवर पैसे घालवू नयेत. नक्की ठरत नसेल तर निघण्याआधी एक पूर्ण कामाचा दिवस घरचा लॅपटॉप कपाटात बंद ठेवा आणि सगळं टॅबवर करून बघा. दुपारपर्यंत कपाट उघडावं लागलं तर उत्तर मिळालं.

परतताना संध्याकाळच्या पंचवटीत कल्याणला चढले. शेवटची चाळीस पानं पीडीएफमध्ये बाकी होती, ती आदल्या रात्रीच टॅबवर उतरवून ठेवली होती. कव्हर काढून सॅकमध्ये टाकलं आणि नुसता टॅब हातात धरून पेनाने खुणा करत बसले. कसाऱ्याच्या पुढे नेट गेलं, काही अडलं नाही. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा सव्वीसावं पान चालू होतं.