फी भरताना कस्टमर, तक्रार करताना विद्यार्थी

"शिक्षण हा धंदा नाही, विद्यार्थी म्हणजे काय गिऱ्हाईक आहे का?" हे वाक्य कॉलेजच्या ट्रस्टींच्या तोंडून ऐकलं की मला हसू आवरत नाही. अहो, १९८३ ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि डोनेशन हा शब्द घराघरात पोचला, १९८७ ला सरकारला कॅपिटेशन फी (म्हणजे प्रवेशासाठीचं हेच डोनेशन) विरोधात कायदा करावा लागला तो काय उगाच?

आता कोर्ट काय म्हणतं बघा. २०१० मध्ये रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठाची केस सुप्रीम कोर्टात आली. एका बाईंनी एकाच वेळी दोन कोर्स केले म्हणून विद्यापीठाने बीएडची डिग्री अडवलेली. ग्राहक मंचाने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने फिरवला, विद्यार्थी ग्राहक नाही म्हणून. मग २०२० च्या जानेवारीत राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही तेच म्हटलं, पण कोचिंग क्लासला मात्र ग्राहक कायद्यातून अशी सूट दिली नाही! म्हणजे क्लासवाल्याने फसवलं तर ग्राहक आयोगात जा, कॉलेजने फसवलं तर बसा बोंबलत. त्या निकालाविरुद्धचं अपील सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी दाखल करून घेतलं.

विद्यार्थी ग्राहक नाही हे कोर्टाचं म्हणणं मार्कांच्या बाबतीत मला पटतं बरं का. मी काही वर्षं सीएचबीवर (तासाप्रमाणे मानधनावर) शिकवलंय, त्यामुळे ही दुसरी बाजू पण पाहिलीये. वर्षाच्या शेवटी पोरं फीडबॅक फॉर्म भरणार, पुढच्या वर्षी आपल्याला बोलवायचं की नाही ते त्यावर ठरणार, मग इंटर्नलला कोण कशाला कडक मार्क देईल? जो असाइनमेंट परत लिहून आणायला लावतो तो नावडता, आणि जो पीपीटी पाठवून देतो तो "एक नंबर सर". फी भरली म्हणून पास करा म्हणणाऱ्या पालकांना तर मी हात जोडतो.

पण फी, हॉस्टेल, मेस, निकाल वेळेवर लावणं, हे काय ज्ञानदान आहे का? इथे विद्यार्थी पक्का ग्राहक आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ ला स्पष्ट सांगितलंय, ओरिजिनल सर्टिफिकेटं अडकवून ठेवायची नाहीत, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी अ‍ॅडमिशन रद्द केली तर प्रोसेसिंग फी सोडून सगळे पैसे परत द्यायचे. तरी माझ्या मामेभावाची टीसी एका कॉलेजने लटकवून ठेवलीच (नाव नाही घेत, त्याला अजून एक मार्कशीट तिथूनच आणायचीये).

आणि यूजीसीच्या २०२३ च्या नियमाने प्रत्येक विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल नेमावा लागतो, त्याची माहिती वेबसाइटवर आणि माहितीपुस्तिकेत ठळक द्यावी लागते. एकदा तुमच्या विद्यापीठाच्या साइटवर शोधून बघा आणि कमेंटमध्ये सांगा, किती क्लिकनंतर सापडलं.