चार फॉर्म, प्रश्न एकदाच : कामाची सध्याची स्थिती

मंडळाच्या वेबसाइटवरचे चारही फॉर्म आता एकाच प्रश्नसंचावर चालायलेत. बेळगावजवळच्या राजहंसगडची सहल, चित्रकला स्पर्धा, रक्तदान आणि वाचनालयाचं सभासदत्व. आधी प्रत्येकाने आपापल्या परीने प्रश्न लिहिलेले, एकात 'मोबाईल', दुसऱ्यात 'फोन नं.', तिसऱ्यात 'संपर्क', मग यादी एकत्र करायला बसलं की एक्सेलमध्ये एकाच गोष्टीचे तीन कॉलम. गूगल फॉर्म्समध्ये जुने प्रश्न इम्पोर्ट होतात की, पण ती नुसती कॉपी, मूळ प्रश्न बदलला तरी कॉपी जशीच्या तशी राहते, म्हणून तो नाद सोडला.

आता 'ओळख' आणि 'पत्ता' अशा दोन जेसन फाइली (माहिती ठरावीक रचनेत लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइली) आहेत आणि फॉर्म डॉलर-रेफ, म्हणजे 'तिकडचं इथं घे' असा संदर्भ, लावून त्यांतलं उचलतो. याचा खरा फायदा मोबाईल नंबरात कळला. आपल्याकडं बरेच जण मराठी कीबोर्डवरनंच ९८४५ असं टाइप करतात आणि जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधली (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का बघणारा नियम) अंकाची खूण बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखते, त्यामुळं बरोबर नंबर टाकूनपण 'नंबर चुकीचा आहे' असं लाल अक्षरात यायचं आणि माणूस वैतागून फॉर्म तसाच सोडायचा. 'ओळख'मध्ये तपासणीच्या आधी देवनागरी आणि कन्नड दोन्ही अंक बदलून घेतले, एकाच जागी, आणि चारी फॉर्म सुधारले.

पत्त्यात राज्य विचारणं बंद केलं. पिनकोड ५९ ने सुरू झाला तर कर्नाटक, चंदगडवाल्यांचा ४१६५०९ म्हणजे महाराष्ट्र, ४०३ आला तर गोवा. आमच्या तिठ्यावर एवढं पुरतं.

चित्रकला स्पर्धेत मात्र घोळ झाला, कारण तिथं 'ओळख' दोनदा लागते, एकदा मुलाची आणि एकदा पालकांची. रेफच्या शेजारी 'पालकांची माहिती' असं शीर्षक लिहिलं तर ते दिसेचना. माझा व्हॅलिडेटर, म्हणजे भरलेली माहिती तपासणारा प्रोग्राम, जेसन स्कीमाच्या (अशा फाइलींची रचना ठरवणारे नियम) ड्राफ्ट ७ या आवृत्तीचा, त्यात रेफच्या शेजारचं सगळं दुर्लक्षित होतं, '२०१९-०९' या पुढच्या आवृत्तीपासनं ते चालतं. उपाय सोपा, रेफ ऑल-ऑफच्या ('यातलं सगळं लागू' सांगणारी यादी) आत टाकायचा आणि शीर्षक बाहेर ठेवायचं. दुसरी गंमत ब्राउझरची, ऑटोफिलमध्ये (ब्राउझर आपणहून रकाने भरतो ते) मुलाच्या नावाच्या जागी पालकांचं नाव येऊन बसायचं. एचटीएमएलमध्ये रकान्याला ऑटोकंप्लीट ही सूचना देता येते, तिच्यात 'सेक्शन-' लावून गट वेगळे करता येतात, ते फार कुणी वापरत नाही पण असल्या कामाला एकदम झकास.

संचात काय घालायचं नाही हे ठरवणं जास्त अवघड गेलं. मंडळातला प्रत्येक जण म्हणतोय रक्तगट घाला, जन्मतारीख घाला, कधीतरी उपयोगी पडेल. नाही घातलं. वय १८ ते ६५ आहे का, वजन किमान ४५ किलो आहे का, मागचं रक्तदान कधी केलं, हे रक्तदानाच्या फॉर्मातच राहणार, पुस्तक न्यायला आलेल्याला वजन कशाला विचारायचं? निदान तीन फॉर्मांना लागणाराच प्रश्न संचात जातो.

लेबल हवं तेव्हा बदलतो, पण आतली 'की' (उत्तर ज्या नावाखाली साठतं ते नाव) कधीच नाही. कन्नड लेबलं शेजारचे एक मित्र बघायलेत, तिथं जिल्हा 'बेळगावी' दिसेल, मराठीत 'बेळगाव', आणि साठवली जाणारी 'की' दोन्हीकडं एकच.

आता राहिलंय ते व्हर्जनचं. पिनकोड सक्तीचा केला त्याआधीच्या नोंदींत तो नाहीच, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत संचाचं व्हर्जन साठवायला लागलोय. पण कुणी सकाळी फॉर्म उघडून ठेवला, दुपारी मी संच बदलला आणि त्याने संध्याकाळी सबमिट केला तर? सध्या लपवलेल्या फील्डमधनं व्हर्जन पाठवून त्याच जुन्या संचावर तपासायचा विचार आहे, म्हणजे जुन्या फाइली काही दिवस ठेवाव्या लागणार. कुणी याहून सोपं केलं असेल तर सांगा की.