लहानातून मोठं जात नाही

गणितात मुलांचं नुकसान करणारे शिक्षक बऱ्याचदा प्रेमळच असतात. पोराला पटकन जमावं म्हणून ते एखादा सोपा नियम देतात, आणि पोर तो दहावीपर्यंत वागवतं.

पहिलीतला नियम घ्या: "लहानातून मोठं जात नाही, मोठ्यातून लहान काढायचं." ५ − २ पर्यंत काही बिघडत नाही. मग ५२ − २७ येतं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून पोर ७ मधून २ काढून ५ लिहितं. दशकात ५ मधून २ गेले, ३ उरले. उत्तर ३५. शिकवलेल्या नियमाप्रमाणे बिनचूक! वर लाल फुली आणि "लक्ष कुठे होतं?" हा प्रश्न. पुढे सहावीत ऋण संख्या आल्या की ३ − ८ ला हेच पोर ५ लिहितं.

गंमत म्हणजे ३५ दुसऱ्या वाटेनेही येतं. दशक उसना घेऊन १२ मधून ७ वजा केले, पण ५ खोडून ४ करायचे राहिले, तरी उत्तर ३५च. पहिल्या मुलाला उसना घेणंच कळलेलं नाही, दुसऱ्याला कळलंय पण ते लिहिण्यात चुकलंय. दोघांवर उपाय वेगळे. नुसती फुली मारणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही; "कसं केलंस, सांग बरं" म्हणणाऱ्याला मिनिटभरात दिसतो.

पहिल्या मुलाला काड्या द्याव्यात: दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. ७ सुट्या मागा. दोनच आहेत म्हटल्यावर ते स्वतःच गठ्ठा सोडतं. आता ४ गठ्ठे, १२ सुट्या. त्यातून २ गठ्ठे आणि ७ सुट्या काढल्या की २५ उरतात. गठ्ठा शिक्षकांनी सोडून दाखवला तर फारसा उपयोग नाही. दुसऱ्याला काड्या नकोत; ५ खोडून वर ४ लिहायची सवय पुरते.

प्रश्न विचारल्यावर थांबणंही कमी लेखू नये. १९७० च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंना आढळलं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं. आपल्याकडे तर पहिल्या बाकावरचा हात वर गेला की प्रश्न तिथेच संपतो.

माध्यमिकमधला सगळ्यात महागात पडणारा नियम म्हणजे "बरोबरच्या पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं." क्ष + ५ = १२ ला तो चालतो. ३क्ष = १२ ला मुलं १२ − ३ करून ९ काढतात, काही जण तर १२ ला −३ ने भागतात. दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं, हे स्पष्ट सांगायला एक तास जादा लागतो आणि पोर्शन मागे पडतो, म्हणून ते राहून जातं. निदान ताळा तरी करून घ्यावा: क्ष च्या जागी ९ ठेवले की २७ येतात, १२ नाही. मग चूक दाखवायला शिक्षक लागत नाहीत.